करार झेंड्याशी नको, सीडीसीशी हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

26 ऑक्टोबर 2025 ला कोलकात्याहून ग्वांगझूला थेट विमान गेलं. भारत आणि चीन यांच्यातली विमानसेवा पाच वर्षांनी सुरू झाली, म्हणून सगळीकडे मोठी बातमी होती. मी ती धोपाव्याच्या जेटीवर फेरीबोटीची वाट बघत वाचली. शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "चला, चीनशी संबंध पुन्हा सुरू झाले." मला हसू आलं. विमान पाच वर्षं बंद होतं, पण जहाज एक दिवस तरी बंद होतं का? जून 2020 मध्ये गलवान झालं. त्याच महिन्यात आपल्या बंदरांत चीनहून आलेले कंटेनर तपासणीसाठी अडकल्याच्या बातम्या होत्या. म्हणजे अडकायला का होईना, ते आलेच होते ना! 2024-25 या वर्षी चीनबरोबरच्या व्यापारात आपली तूट 99 अब्ज डॉलरच्या घरात होती. एवढा माल काही याकवर लादून नथुला खिंडीतून येत नाही. तो समुद्रातून येतो.

मी 1979 साली खलाशी म्हणून जहाजावर चढलो आणि 2015 साली बोसन म्हणून उतरलो. बोसन म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, आमच्या आजोबांच्या वेळचा सारंग. इंग्रजी यथातथा, शिक्षण मॅट्रिक. मुत्सद्देगिरीतलं मला काही कळत नाही. तरी हे पत्र लिहितोय, कारण विमान झालं, व्हिसा झाला, मानसरोवरची यात्रा सुरू झाली, आणि आता दोन्ही सरकारं एकेक जुना विषय पुन्हा टेबलावर घेताना दिसतात. जहाजवाहतुकीचा विषय आज ना उद्या येणार. तो येईल तेव्हा टेबलाभोवती परराष्ट्रवाले असतील, गृहवाले असतील, संरक्षणवाले आणि करवाले असतील, जहाजमालक तर असतीलच. खलाशी तिथे नसेल. म्हणून त्याचं म्हणणं आधीच कळवून ठेवतो: करारातलं संरक्षण जहाजाच्या झेंड्याला, म्हणजे नोंदणीच्या देशाला, बांधलेलं नको; खलाशाच्या सीडीसीला, म्हणजे सरकारने त्याला दिलेल्या नोंदपुस्तकाला, बांधलेलं हवं.

चीनशी आपला सागरी वाहतुकीचा करार मुळात आहे, हे किती जणांना माहीत आहे? मलाही नव्हतं. माझा भाचा सध्या सेकंड ऑफिसर आहे, त्याने शोधून काढलं. नोव्हेंबर 1996 च्या अखेरीस जिआंग झेमिन दिल्लीला आले होते, तेव्हा चार करार झाले. एक ताबारेषेवरच्या सैन्याबद्दल, त्याची चर्चा गलवाननंतर भरपूर झाली. एक हाँगकाँगमधल्या आपल्या वकिलातीचा, एक अमली पदार्थांच्या तस्करीविरुद्धचा आणि एक सागरी वाहतुकीचा. त्या वर्षी मी जहाजावरच होतो, चीनच्या बंदरांत जाऊन-येऊन होतो. आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही कुणाला विचारलं नाही. करार झाला म्हणून गँगवेवर काही बदललं असतं, तर कळलं असतं.

गँगवे म्हणजे जहाजावरून धक्क्यावर उतरायची शिडी. चीनच्या बंदरात आमच्या काळी त्या शिडीच्या पायथ्याशी हिरव्या गणवेशातला एक जवान उभा असायचा. वय वीस-बावीस. उत्तर चीनच्या हिवाळ्यात पारा शून्याच्या खाली दहा, डेकवर पाणी सांडलं की काच व्हायची, आणि हा पोरगा चार-चार तास तिथेच. शोअर पास म्हणजे एक चिठोरं, त्यावर आपलं नाव, जहाजाचं नाव आणि शिक्का. ते दाखवायचं, तो चेहरा बघणार, वहीत वेळ लिहिणार, मग उतरायचं. एकदा मी त्याच्यासाठी चहा खाली नेला, आपला आलं घातलेला. त्याने मान हलवून नको म्हटलं. पण माझ्या हातातल्या ग्लासाच्या वाफेकडे ज्या नजरेने बघितलं, ती नजर मला अजून आठवते. त्याच्याबद्दल माझी काहीएक तक्रार नाही. तो हुकमाचा, मीही हुकमाचा.

माझी तक्रार वेगळी आहे. 2004 सालची गोष्ट. मुरगावहून लोखंडाचं खनिज भरून आम्ही चीनला निघालो होतो. तेव्हा गोव्याची लाल माती चीनला अक्षरशः उपसून चालली होती. मांडवी-झुवारीत बार्जेसची रांग लागायची. 2012 ला खाणी बंद झाल्या तेव्हा ती थांबली. जहाजाचा मालक ग्रीक, झेंडा लायबेरियाचा आणि आम्ही बावीसच्या बावीस भारतीय. पोहोचलो, बंदरात वाट दाखवणारा पायलट चढला, जहाज धक्क्याला लावायला सुरुवात झाली. पुढच्या डेकवर दोर ओढताना जळगावकडच्या एका नव्या पोराचा हात विंचवर, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रावर, दोर आणि ड्रमच्या मध्ये गेला. दोन बोटं. हातमोजा काढायला गेलो तर मोज्याबरोबर काय काय निघेल, या भीतीने मी तो काढलाच नाही, वरूनच घट्ट बांधला.

धक्का समोर होता, वीस मीटरवर. धक्क्यावर ट्रक चालले होते, माणसं जेवणाचे डबे घेऊन फिरत होती. त्या पोराला जमिनीवर उतरवायला एकोणीस तास लागले. आधी क्वारंटाइनचा कागद, मग इमिग्रेशनचा, मग रुग्णालयाचं संमतीपत्र, मग खर्च कोण देणार याचं हमीपत्र. ते ग्रीसहून यायचं, आणि ग्रीसमध्ये रविवार. एजंट फोनवर दर वेळी म्हणायचा, "सून, सून." आमचा कॅप्टन केरळचा, एरवी शांत माणूस. रात्री दोन वाजता तो व्हीएचएफ रेडिओवर कुणावर ओरडला नाही ते एवढंच बाकी. त्याने मला खाली बोलावून विचारलं, "बोसन, आपण कुणाला फोन करायचा, सांग." मला काय माहीत? जहाज लायबेरियाचं, बंदर चीनचं, बोट भारताचं.

शेवटी नेलं तेव्हा डॉक्टर मात्र देवमाणूस निघाला. एक बोट वाचवलं, दुसऱ्याचं पेर गेलं. नर्सने पोराला संत्रं सोलून दिलं. तो परत आला तेव्हा त्याच्या खिशात त्या संत्र्याची साल होती. वास येतो म्हणून ठेवली, म्हणाला.

हे सगळं सांगायचं कारण असं, की त्या दिवशी 1996 चा करार अस्तित्वात होता. असे करार साधारण काय सांगतात, ते भाच्याने मला समजावलं. तुझ्या जहाजाला माझ्या बंदरात माझ्याच जहाजासारखी वागणूक मिळेल, तुझी टनेजची, म्हणजे जहाजाच्या आकाराची, प्रमाणपत्रं मी मानीन, तुझ्या खलाशाचं ओळखपत्र मानीन, तुझं जहाज संकटात असलं तर मदत करीन. सगळं चांगलंच आहे. पण यातलं 'तुझं जहाज' म्हणजे तुझ्या झेंड्याचं जहाज. आमच्या जहाजावर झेंडा लायबेरियाचा होता. म्हणजे बावीस भारतीय माणसं चीनच्या धक्क्याला लागली होती, पण करारातल्या जहाजाच्या कलमांपुरता तिथे भारत नव्हताच.

ही गोष्ट अपवादाची नाही. आज जगात दर दहा खलाशांमागे एक तरी भारतीय असतो, पण त्यातले बहुतेक जण परदेशी झेंड्यांखालीच काम करतात; पनामा, लायबेरिया, मार्शल आयलंड्स. भारतीय झेंड्याची जहाजं आहेतच किती? आपल्या परदेशी व्यापारातला जेमतेम पाच टक्के माल आपल्या जहाजांतून जातो. 1980 च्या दशकात हा आकडा चाळीस टक्क्यांच्या आसपास होता. माझं पहिलं जहाज सिंदिया कंपनीचं. त्यांची नावं सगळी 'जल'ने सुरू व्हायची, तशी दुसऱ्या एका कंपनीची 'जग'ने. जल गेली, जग राहिली.

उलट चीनचं बघा. जगात आज जेवढं टनेज बांधलं जातं त्यातलं निम्म्याहून जास्त त्यांच्या गोद्यांत बांधलं जातं. कंटेनर, म्हणजे नुसती लोखंडी पेटी, तीसुद्धा दहातल्या नऊ तिथेच बनतात. 2020 च्या शेवटी रिकाम्या पेट्या चीनकडे ओढल्या गेल्या, तेव्हा निर्यातीचा माल तयार ठेवून आपले व्यापारी पेटीसाठी खोळंबले होते. मी 1986 साली शांघायला पहिल्यांदा गेलो तेव्हा नदीच्या पलीकडे, पुडोंगच्या बाजूला, गोदामं आणि शेतं होती. 2010 ला गेलो तेव्हा त्याच काठावरच्या इमारतींचं टोक बघायला मान मोडेपर्यंत वर करावी लागली.

तेव्हा 'दोन्ही देशांच्या जहाजांना समान वागणूक' हे वाक्य ऐकायला छान वाटतं, पण हिशेब मांडून बघा. दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या गोठ्यात गुरं बांधायची मुभा दिली, एकाकडे चाळीस म्हशी आणि दुसऱ्याकडे एक शेळी, तर मुभा समान आहे, पण गोठा कुणाचा भरेल?

समान दिसणाऱ्या कागदाने काय होतं, हे आपल्याला नवं नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी सिंदिया कंपनी काढली, तिची 'लॉयल्टी' 5 एप्रिल 1919 ला मुंबईहून सुटली. तोच दिवस आपण राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळतो. पुढे इंग्रज कंपन्यांनी दर इतके पाडले, की 1923 साली सिंदियाला लॉर्ड इंचकेपच्या कंपनीशी दहा वर्षांचा करार करावा लागला. सिंदियाने किती टनांपर्यंत जहाजं ठेवायची, त्याची हद्द त्या करारात घातलेली होती, 75 हजार टन. दोन कंपन्यांनी खुशीने केलेला व्यवहार, कागदावर सगळं नियमात. सिंदियाच्या जहाजावर माझ्या वेळचे म्हातारे कसाब (कोठीवाले) आणि सुखानी (सुकाणूवाले) अजून त्या कराराला शिव्या द्यायचे. त्यांनी तो वाचला नव्हता, पण त्यांच्या बापांची नोकरी त्याने ठरवली होती.

मग चीनशी बोलूच नये का? असं मी म्हणत नाही. न बोलून काय होतं तेही आम्ही बघितलंय.

'जग आनंद' हे भारतीय झेंड्याचं जहाज 13 जून 2020 पासून चीनच्या जिंगतांग बंदराबाहेर नांगर टाकून उभं होतं. पोटात ऑस्ट्रेलियाचा कोळसा, वर 23 भारतीय. भांडण चीन आणि ऑस्ट्रेलियाचं, आणि कारण सांगितलं ते साथीच्या नियमांचं. माल उतरवायला परवानगी नाही, माणसं बदलायलाही नाही. शेजारी काओफेइदियन बंदराजवळ 'अनास्तासिया' नावाचं परदेशी मालकीचं जहाज, त्यावर 16 भारतीय, 20 सप्टेंबरपासून. एकूण 39 माणसं. सरकारने प्रयत्न केले, राजदूत बोलले, मंत्री बोलले. पण सुटका झाली ती चीनमध्ये नाही. जानेवारी 2021 मध्ये 'जग आनंद' कोळशासकट जपानच्या चिबाला गेलं आणि तिथे माणसं बदलली. 'अनास्तासिया'ची माणसंही पुढे जपानमधूनच सुटली.

यातल्या 'जग आनंद'वर तर आपलाच झेंडा होता. म्हणजे त्याच्यापुरता 1996 चा करार लागू असणार. तरी सात महिने. चीन आणि भारत या दोघांनीही 2015 साली खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर, एमएलसीवर, शिक्कामोर्तब केलेलं आहे. नोकरीच्या कराराची मुदत संपली की घरी जायचा हक्क त्यात पांढऱ्यावर काळं लिहिलेला आहे. तरी सात महिने.

त्याच हिवाळ्यात माझा भाचा दुसऱ्या एका जहाजावर त्याच समुद्रात अडकला होता. पाच महिने. रोज रात्री नेटवर्क मिळालं की व्हिडिओ कॉल. माझी बहीण आधी विचारायची, "जेवलास?" आणि मग, "जमीन दिसते का रे?" तो फोन फिरवायचा. अंधारात दूरवर दिव्यांची एक रांग. "दिसते ना आई. लायटी मोजतो मी. काल एकशे बारा होत्या." नंतर नंतर बहिणीने विचारणं सोडून दिलं. डिसेंबरात कणीक संपली, रोज भात. एकदा त्याने नांगराच्या साखळीचा फोटो पाठवला. पाण्याच्या रेषेवरच्या कड्यांना शेवाळ धरलं होतं. मी छत्तीस वर्षं जहाजावर काढली, चालू नोकरीत नांगराच्या साखळीवर शेवाळ मी कधी बघितलं नव्हतं.

परत आल्यावर वर्षभर त्याला चीनला जाणाऱ्या जहाजाची ऑफर येईना. कारण विचारलं तर एजंट सरळ बोलत नसत. जुलै 2021 मध्ये खलाशांच्या एका संघटनेने केंद्रीय मंत्र्यांना पत्र लिहिलं, की चीनला जाणाऱ्या जहाजांवर भारतीयांना घ्यायचं टाळलं जातंय. चीनने इन्कार केला. खरं काय ते दिल्लीने तपासायचं. आमच्या तालुक्यात मात्र त्या वर्षी किती पोरं सीडीसी कपाटात ठेवून घरी बसली होती, ते मी मोजू शकतो.

आपणही अगदी धुतल्या तांदळासारखे नाही, हेही लिहायला हवं. कोविडच्या सुरुवातीला चीनहून आलेल्या जहाजांवरच्या माणसांना आपल्या बंदरांतही शोअर पास मिळत नव्हता. त्यांच्याही आया 'जमीन दिसते का' म्हणून विचारत असतीलच.

म्हणून सरकारला सांगणं असं आहे. बोलणीच्या टेबलावर आपण जहाजं घेऊन गेलो तर हरणार, कारण ती आपल्याकडे नाहीत. आपल्याकडे माणसं आहेत, तीन लाखांवर. त्यांची गरज जगाला आहे, चीनचा माल वाहणाऱ्या जहाजमालकांनाही आहे. तर बोलणी माणसांपासून सुरू करावी. खलाशाला मिळणारं संरक्षण जहाजाच्या झेंड्याला न बांधता त्याच्या सीडीसीला बांधा. सीडीसी भारताची असेल, तर जहाज लायबेरियाचं असो नाहीतर मंगळावरचं, जखमी माणूस इतक्या तासांत जमिनीवर उतरलाच पाहिजे, कागद मागून येऊ देत. माल अडकला म्हणून माणूस अडकता कामा नये. कोळशाचं भांडण वर्षभर चालू दे, पण कॉन्ट्रॅक्ट संपलेल्याला पंधरा दिवसांत विमानतळावर पोहोचवायचं, खर्च मालकाचा. बदल्यात तेच सगळं चिनी खलाशाला न्हावा-शेव्यात, मुंद्र्याला, विशाखापट्टणमला द्यायचं. यात चीनला नाही म्हणायला काही कारण दिसत नाही, त्यांचेही लाखो खलाशी आहेत.

आणि दोन्हीकडे फोन उचलणारा एकेक माणूस नेमा. करारात संयुक्त समिती वगैरे असते, ती वर्षातून एकदा भेटणार आणि चहा घेणार. आम्हाला समिती नको, रात्री दोन वाजता लागणारा नंबर हवा.

किनारी वाहतूक, म्हणजे आपल्याच एका बंदरातून दुसऱ्या बंदरात माल नेण्याचा हक्क, सौद्यात कुणालाही देऊ नये. 2025 च्या नव्या किनारी नौवहन कायद्याने परदेशी जहाजाला त्यासाठी परवाना लागतो, तो तसाच राहावा. याहून जास्त मला त्यातलं कळत नाही.

भाचा म्हणतो, "मामा, कागदाने काय होतं? अमेरिका आणि चीनमध्ये 2003 पासून सागरी करार आहे. तरी 14 ऑक्टोबर 2025 ला दोघांनी एकमेकांच्या जहाजांवर बंदरशुल्क लावलंच की. आणि 10 नोव्हेंबरला वर्षासाठी स्थगितही केलं." तो शिकलेला आहे, त्याचं खरं असेल. पण 2004 साली आमच्या कॅप्टनच्या हातात एक कागद असता, ज्यावर लिहिलं असतं की या बोटासाठी या माणसाला फोन कर, तर एकोणीसचे तीन तास झाले असते. पेर वाचलं असतं की नाही, ते डॉक्टर जाणे.

शेवटची विनंती आपल्याकडेच. 1996 च्या त्या कराराचा मराठी तर्जुमा आपण एखाद्या रविवारी छापलात तर बरं होईल. आमच्याकडे दाभोळ, अंजनवेल, वेलदूर, बाणकोट, हर्णै या पट्ट्यात घरटी एकेक सीडीसी आहे. ज्यांच्यावर तो लागू आहे त्यांनी एकदा वाचलेला बरा. भाच्याचं पुढचं जॉइनिंग शिमग्यानंतर आहे. जहाज मार्शल आयलंड्सच्या झेंड्याचं, आणि पहिलं बंदर चीनमधलं.

आपला नम्र,
एक निवृत्त बोसन
ता. गुहागर, जि. रत्नागिरी